वहीतलं तीनशे दहा

दोनशे चौऱ्याहत्तर.

कातकरी वाडीच्या पंपाखाली मी घरून नेलेला स्टीलचा पेला भरला, मोजायचं पेन त्यात बुडवलं, आणि आकडा आला – दोनशे चौऱ्याहत्तर. माझ्या जिवात जीव आला. पाणी चांगलं होतं. म्हणजे मी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. पेन पुसायला पदर धरला, आणि मग आकड्याच्या खाली, कोपऱ्यात, एक बारीकशी खूण दिसली. गुणिले दहा.

ती खूण आली की आकड्यावर एक शून्य चढवायचं, असं आम्हाला मुरबाडला शिकवलं होतं. मी चौथी शिकलेली बाई, पण शून्य चढवता येतं मला. दोन हजार सातशे चाळीस.

पेला ओतून टाकला. खळबळून धुतला. पुन्हा पंप हापसला, पुन्हा भरला. दोनशे त्र्याहत्तर, आणि तीच खूण. तिसऱ्यांदाही तीच. डोक्यावर वैशाखाचं ऊन, वाडीत चिटपाखरू नाही. कमरेच्या पिशवीत फोन होता. अर्ध्या तासापूर्वी त्याच फोनवर मी दवाखान्यातल्या माणसांना सांगितलं होतं, की ह्या पंपाचं पाणी तीनशे दहा आहे.

फोन मी बाहेर काढला नाही.

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. सुनेपाशी नाही, लेकीपाशी नाही, देवापाशीही नाही – देवाला सांगायचं तर त्याच्यासमोर बसावं लागतं, आणि ते पेन मी त्याच्याच शेजारी ठेवत असे. आता सत्तरी उलटून गेली. तुम्ही वाचताय, तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगता येतंय.

आमचं गाव टोकावड्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. गावात आम्ही कुणबी. नाल्यापलीकडे कातकऱ्यांची वीस-बावीस घरांची वाडी. गावाला देवळाजवळची विहीर, वाडीला झरा आणि हातपंप. झरा होळीनंतर आटतो, मग पावसापर्यंत वाडीला पंपच. पाणी तपासायला गावातल्या पाच बायका निवडल्या, त्यांत मी. सरपंच म्हणाले, काकूचं अक्षर चांगलं आहे. मुरबाडला एक दिवस शिकवलं, आणि एक पेटी दिली. तिच्यात बाटल्या होत्या, कागदाच्या पट्ट्या होत्या आणि हे पेन. ताप बघायच्या नळीपेक्षा थोडं जाड. टोपण काढायचं, बटण दाबायचं, पाण्यात धरायचं. पाण्यात किती क्षार आहेत ते आकड्यात दिसतं. पाचशेच्या आत असेल तर उत्तम. दोन हजारांच्या वर असेल तर प्यायचंच नाही. एवढं सोपं. लहान पोराला जमेल.

बाकीच्या चौघी दोन महिन्यांत कंटाळल्या. पेटी माझ्याकडे राहिली. मला त्याचा गर्व होता – होता म्हणजे होताच, लपवून काय उपयोग? बायका हंडे घेऊन विहिरीवरून येताना मला बोलवायच्या, आणि मी पेन सरळ त्यांच्या हंड्यात बुडवायचे. पेल्यात पाणी घेऊन मोजा असं शिकवलं होतं. पण हंड्यात बुडवलं की चार जणी वाकून बघायच्या, म्हणून मी हंड्यातच बुडवायचे. सून एकदा म्हणाली, "आई, जरा आमटीत बुडवून बघा, मीठ बरोबर हाय का." मी खरंच बुडवलं. तेव्हा ती गुणिले दहाची खूण मी पहिल्यांदा बघितली. सून म्हणाली, "बघा, मीटर पन सांगतो, तुमाला मीठ कमी खायला पायजे." आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

पेन धुऊन, पुसून मी देव्हाऱ्यात ठेवायचे, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

आता कळलं का, काय सांगणार आहे ते? नाही कळलं? मग ऐका.

जे पेन आमच्या पिण्याच्या हंड्यात जायचं आणि देवाजवळ राहायचं, ते मी वाडीच्या पाण्यात बुडवायला तयार नव्हते. विटाळ. दुसरा शब्द नाही, आणि मी शोधणारही नाही. वाडीतली बाई आमच्या शेतावर कामाला आली की तिला पाणी वरून ओतायचं, तिनं ओंजळ धरायची, तांब्या तिच्या हाताला लागू द्यायचा नाही. माझ्या सासूनं तसं केलं, मी तसं केलं. सून करत नाही, तिला मी त्यावरून बोलायचेही. मग त्यांच्या पंपाला हात लावून, त्यांच्या पाण्यात भिजलेलं पेन आमच्या हंड्यात घालायचं? आणि गावातल्या बायकांना ते कळलं तर? पेन पेल्यात धरायचं आणि धुऊन घ्यायचं, बस्स – पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. यायला नको होतं, म्हणून आलं नाही.

पहिल्या महिन्यात मी नाल्यापर्यंत गेले. पलीकडे बायका पाणी भरत होत्या. मी अलीकडूनच हाक मारून विचारलं, "पानी बरं हाय ना गो?" त्या म्हणाल्या, "बरं हाय." मी तिथंच दगडावर बसून वहीत लिहिलं: वाडीचा पंप, तीनशे दहा.

तीनशे दहाच का? आमच्या विहिरीचं दोनशे ऐंशी आलं होतं. मी त्यात तीस मिळवले. वाडीचं पाणी आमच्यापेक्षा थोडं तरी कमी चांगलं असणारच, असं मला वाटलं. मोजल्याशिवाय.

पुढल्या महिन्यात तीनशे पाच. मग तीनशे पंधरा. मग पुन्हा तीनशे दहा. खरे वाटतील असे आकडे लिहायला मी पटकन शिकले. दोन वर्षं कागद वर जात होते, कुणी कधी विचारलं नाही. मग मी नाल्यापर्यंत जाणंही सोडलं.

बुधी त्याच वाडीतली. अंगानं काडी, पण कामाला वाघीण. इतर वर्षी दिवाळीनंतर नवराबायको शहापूरकडे वीटभट्टीवर जायचे. त्या वर्षी पोरगी तान्ही म्हणून बुधी मागे राहिली आणि आमच्याकडे राब भाजायला आली. भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा अंथरून जाळतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. उन्हाचं काम, धुराचं काम. पोरगी ऐनाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून ठेवलेली. रेणू तिचं नाव. झोळीतून एक पाय बाहेर काढून हलवत असायची.

दुपारी मी वरून पाणी ओतलं, बुधीनं ओंजळीनं प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आजी, तुमचं पानी किती गोड हाय. आमच्या पंपाचं औंदा खारट लागतं गो. भात पन तसाच लागतो."

मी काय म्हणाले, ते शब्दाला शब्द आठवतं मला. मी म्हणाले, "मी मीटर लावलाय. तीनशे दहा हाय. तुजी जीभ काय मीटरपेक्षा शानी?"

बाकीच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "बुधे, नवरा भट्टीवर, म्हनून तुला समदंच खारट लागतं." मोठा हशा झाला. बुधीही हसली. हसून तिनं पुन्हा ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, "मंग माजी जीभच बिघडली आसंल. ओता आजी, आजून थोडं."

मी ओतलं. तेव्हा तरी मनात काही हललं का? नाही. मी तिला खरंच खोटं ठरवलं होतं. वही इतके दिवस लिहिली होती की ती माझी मलाच खरी वाटायला लागली होती.

वैशाखात रेणूला जुलाब लागले. चौदा महिन्यांची पोर, दोन दिवसांत डोळे आत गेले. आमच्या गावची आशाताई वंदना वाडीत गेली, तिच्याजवळच्या मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या. त्या संपल्या तेव्हा तिनं बुधीला घरी पाणी करायला शिकवलं: लिटरभर पाणी उकळून गार करायचं, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि पाजण्याआधी आपण चाखून बघायचं. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा जास्त खारट लागता कामा नये.

बुधीनं मीठ घालण्याआधीच चाखलं. ती वंदनाला म्हणाली, ताई, हे फार खारट लागतंय, मी मीठ घालू नको का?

हे मला कसं ठाऊक? कारण वंदना तिथून थेट माझ्या अंगणात आली. घामाघूम झालेली. "काकू, बुधी म्हणते पाणीच खारट आहे. वाडीच्या पंपाचं तुमी शेवटचं कधी बघितलं?"

पेन दहा पावलांवर देव्हाऱ्यात होतं. वाडी हाकेच्या अंतरावर. मी तांदूळ निवडत होते, उठलेसुद्धा नाही. म्हणाले, "आठ दिस झाले. तीनशे दहा. ती बुधी उन्हाळाभर तेच बोलते. मीठ नाय घातलं तर पोर जाईल, तिला सांग."

वंदनानं जाऊन तसंच सांगितलं. आणि बुधीनं ऐकलं.

पोर पीत नव्हती, तोंड फिरवत होती. बुधीनं तिला मांडीत दाबून चमच्याचमच्यानं पाजलं. आणि आणखी एक. ती पाणी उकळायची ते आमच्याकडे काढा उकळतात तसं, निम्मं होईपर्यंत. जास्त उकळलं की जास्त शुद्ध, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं. पाणी आटतं, मीठ आटत नाही – हे आमटी करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, पण औषधाच्या पाण्याला ते लावून कोण बघतं? आणि खारं पाणी निम्मं आटवून, त्यात वर सांगितलं तेवढं मीठ. तिनं सांगितलेलं सगळं केलं. एकही गोष्ट चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणूला झटके आले. वंदनानं रिक्षा केली, बुधी आणि पोर मुरबाडच्या दवाखान्यात. दुपारी माझा फोन वाजला. वंदना म्हणाली, "काकू, डॉक्टर म्हणतात पोरीच्या अंगात मीठ फार चढलंय. विचारतात, पाणी कुठलं, किती दाखवतं. वही बघून सांगा."

मी वही काढली. चष्मा लावला. सगळं नीट केलं. आणि वाचलं, "तीनशे दहा."

तिनं तिकडे डॉक्टरांना सांगितलेलं मला ऐकू आलं. मग मागून वंदनाचाच आवाज, चढलेला: "बुधे, चमचा सांगितला होता ना गो तुला? मूठ घातलीस काय?" आणि बुधीचं बोलणं नाही, नुसतं रडणं. फोन बंद झाला.

त्यानंतर मी पेला घेऊन उठले. का उठले? माहीत नाही. दोन वर्षांत जे केलं नाही ते करायला मला अर्धा तासही लागला नाही. नाला ओलांडला, पंप हापसला. पुढचं तुम्हाला सांगून झालं आहे.

एक सांगायचं राहिलं. वाडीत चिटपाखरू नव्हतं असं म्हणाले, पण बुधीची म्हातारी सासू दारात बसलेली होती. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. पंपाचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "कोन गो?" मी सांगितलं. तिनं विचारलं, "आजी, पोर जगंल ना?" ती माझ्याच वयाची, तरी मला आजी म्हणते. मी म्हणाले, "जगंल." माझ्या हातात तेव्हा पेन होतं आणि पेनावर तो आकडा होता.

फोन केला असता तर काय बोलायचं होतं? एवढंच: वंदना, मी मोजलं, सत्तावीसशे आहे, बुधीची चूक नाही. चार शब्द. पण त्याच्या मागून प्रश्न आला असता – मग आत्ता तीनशे दहा कुठून वाचलंत? तो प्रश्न मला नको होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, संध्याकाळी पोरीला कल्याणला पाठवलं. माझ्या आकड्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, हे मला नंतर कळलं. फोन पिशवीत ठेवून मी उभी होते तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं, की कदाचित ह्या आकड्यावर पोरीचा जीव असेल. आणि तरी मी फोन केला नाही.

येताना पेला नाल्यात टाकून आले. वाडीचं पाणी लागलेला पेला घरात नको म्हणून. हो, त्या घडीलाही. सून आठ दिवस पेला शोधत होती.

पेन मात्र घरी आणलं. त्या संध्याकाळी ते मी देव्हाऱ्यात ठेवलं नाही, कोनाड्यात ठेवलं.

चार दिवस मी गप्प बसले. चार दिवस वाडी तेच पाणी प्यायली. पाचव्या दिवशी पंचायतीत गेले आणि सांगितलं, वाडीचं पाणी एकदम बिघडलंय, आजच मोजलं. वहीत तशी तारीख टाकली. पोरगी दवाखान्यात गेली तो दिवस आणि हा आकडा, दोघांत अंतर राहील अशी. तालुक्याहून माणूस आला, त्यानं आपल्या मशीननं बघितलं, म्हणाला, खरं आहे. एकदम कसं वाढलं, विचारलं. मी म्हणाले, वैशाखात होतं असं. बोअर खोल आहे, खालून खारं आलं असेल, असं तो स्वतःच म्हणाला. कधीपासून येत होतं? ते कुणीच सांगू शकत नाही. सांगू शकणारी एकच बाई होती, आणि तिनं मोजलं नव्हतं. पंपाला लाल रंग लावला. टँकर सुरू झाला, पुढच्या वर्षी नळ आला.

आणि मला शाल मिळाली. पंचायतीच्या अंगणात, शाल आणि नारळ. मोजलं म्हणून वाडी वाचली, असं सरपंच बोलले. टाळ्या वाजवणाऱ्यांत बुधीची सासू होती. बुधी नव्हती. ती तेव्हा पोरीला घेऊन कल्याणहून नुकतीच परतली होती, आणि घराबाहेर पडत नव्हती.

कारण वाडीत सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती – बुधीनं मूठभर मीठ घालून पोर मारायला काढली होती. पंप खारा झाला तो नंतर. वहीत तसंच लिहिलेलं आहे, आणि वहीपुढे जिभेचं कोण ऐकतं? नवरा भट्टीवरून आला, त्यानं तिला मारलं. वाडीतल्या बायका तिला हसत विचारायच्या, "बुधे, आज भाजीत किती मुठी?" ती म्हणायची, मी अर्धाच चमचा घातला होता. पहिल्या वर्षी म्हणायची. मग म्हणायची, अर्धाच घातला असंल. नंतर नंतर म्हणायला लागली, माज्याच हातानं जास्त पडलं, मला कळलं नाय.

माझ्यासमोर म्हणाली ती हे. आमच्याच शेतावर, राब भाजताना. मी तांब्या हातात घेऊन उभी होते. तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. शेजारी कुणी नव्हतं. मी वाकून तांब्या तिच्या हातात दिला, पहिल्यांदाच. ती दचकली, माझ्याकडे बघत राहिली. मग तांब्या ओठाला न लावता, वरूनच प्यायली. आणि मी काही बोलले नाही. तांब्या दिला म्हणजे काहीतरी केलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. काहीही केलं नव्हतं.

बुधी अजून दरवर्षी येते. तिच्या घरात मीठ सासू घालते. सासू घरी नसली तर बुधी शेजारणीला हाक मारते. ती स्वतः मिठाच्या डब्याला हात लावत नाही, इतकी वर्षं झाली.

रेणू शाळेत जाते. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि हाक मारली तर थोड्या वेळानं वळून बघते. गेल्या पंधरवड्यात आमच्या दारावरून जाताना थांबली, पाणी मागितलं. सुनेनं पेला दिला. उजव्या हातानं धरून प्यायली.

झटके, सुया, कल्याणचे अकरा दिवस – त्यातून जगली ती रेणू. तेव्हा चौदा महिन्यांची होती.